सवतीचा पहिला घास

सोनुबाईच्या बापानं सोयरीक ठरवताना हिशेब मांडला तो असा. जमेच्या बाजूला कौलारू घर, दारात गोड्या पाण्याची विहीर, बैलांच्या दोन जोड्या, नदीकाठची भाताची खाचरं, आणि सासू एकच, तीही डोळ्यांनी अधू होत चाललेली. दीर नाही, जाऊ नाही. नणंद होती ती शेलूला दिलेली, म्हणजे सणावाराखेरीज तोंड वाजवायला यायची नाही. खर्चाच्या बाजूला एवढंच की नवरा बिजवर, आणि त्याच्या पहिल्या बायकोचा चांदीचा टाक पोरीनं जन्मभर गळ्यात वागवायचा.

"मेलेली सवत ती," बाप म्हणाला. "ती काय खानार हाय?"

खालापूरच्या पलीकडच्या माहेरगावात सोनुबाईचं बाशिंगबळ जड म्हणून बोलणं सुरू झालं होतं. ठरलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या. तेव्हा बापालाही हिशेब लवकर मिटवायचा होता, आणि घाईचा हिशेब चुकतो तो नेहमी बारीक रकमेत. टाक तर चिंचोक्याएवढा होता.

बापाची चूक लेकीला सासरच्या पहिल्याच जेवणाला कळली. ती मेलेली सवत, अंबू, खात होती. सगळ्यांच्या आधी खात होती.

आमच्याकडे ही रीतच. पहिली मेली आणि दुसरी आली, की सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकून घ्यायची आणि नवीच्या गळ्यात, पोतीच्या शेजारी बांधायची. जुनीला वाटू नये आपली जागा गेली. मानगुटीवर बसायची ती मग गळ्यातच बसते. जेवताना पहिला घास टाकाला दाखवायचा, "घे बाई अंबू" म्हणायचं, मग आपल्या तोंडात घालायचा. लुगडं आलं तर आधी टाकापुढं. फूल आलं तर आधी तिला. जिवंत सवत असती तर कधीमधी झिंज्या धरून भांडता आलं असतं, एखाद्या सणाला तिच्याआधी नवं लुगडं नेसून मिरवता आलं असतं. चांदीच्या बाईच्या झिंज्या धरायच्या कशा?

भिसेगावात सोनुबाई आली तेव्हा घाटातली आगगाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती. मुंबईच्या घोड्यांना आमच्या बाजूचं गवत लागे, आणि तिचा नवरा येसाजी ते गवत गाड्यांत भरून कर्जतच्या ठेसनावर पोचवी. परतताना बाजारातून कधी बत्तासे आणी, कधी बांगड्या. आणून सोनुबाईपुढं बसे, हात जोडी, आणि पुडी तिच्या गळ्यासमोर धरी.

"अंबू, हिरव्या आनल्यात. बघ, आवडतात का."

अंबूला आवडल्या असं धरून मग त्या सोनुबाईच्या हातात जात.

येसाजी तिच्यावर कधी ओरडला नाही. हात तर सोडाच, आवाजही चढवला नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर मुकाट पाणी पिऊन उठे. गावातल्या बायकांनी हे पाहून ठेवलं होतं. शेजारची चिंधी तर नदीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "सोनूसारखं नशीब पायजे बाई. आमच्या घरी मिठावरनं थाळी उडती."

बायका सोनुबाईचा हेवा करीत, आणि सोनुबाई अंबूचा. हेव्याचीही उतरंड असते. सगळ्यात वरचं मडकं इथं रिकामं होतं, पण खालून कुणाला ते दिसणार?

कारण सोनुबाई हे सगळं मोजत होती ते अंबूच्या नावावर. ओरडत नाही, कारण अंबू ऐकेल. बांगड्या आणतो त्या अंबूसाठी. बोलतो तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघत नाही, गळ्याकडे बघतो.

"चिंधीवयनी, माझ्याशी नाय ओ बोलत ते," एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या गळ्याशी बोलतात."

"मग गळा तुझाच हाय ना?" चिंधी म्हणाली, आणि लुगडं आपटून हसली. पण सोनुबाई हसली नाही हे बघून तिला चेव आला. "अंबू व्हतीच तशी गं. रंग उजळ. केस असे, पाठ झाकून जायची. भाताच्या आवणीला उतरली का बाकीच्या बाया मागं रायच्या. त्यो धोंडा बघितलास? तिथंच धुवायची ती. अजून अंबूचा धोंडा म्हनतात."

खरी अंबू रंगानं सावळी होती, आणि केस चारचौघींसारखेच. पण मेलेलं माणूस दर पावसाळ्यात थोडं गोरं होत जातं, आणि ऐकणारं जळत असेल तर लवकर होतं. सोनुबाईनं त्या दिवसापासून धोंड्यावर धुणं बंद केलं. दूर चिखलात बसून धुवायची, आणि लुगडी मळकीच घरी आणायची.

घरी तरी काय होतं? सासू, भागूबाई, ही अंबूची सख्खी आत्या. भावाची लेक सून करून आणलेली. तिच्या तोंडी दिवसभर तेच नाव. अंबूला बोंबलाचं कालवण लई आवडायचं, मग बोंबील व्हायचे, आणि टाकाला दाखवून झाले की भागूबाई दोनदा मागून घ्यायची. अंबू मला दुपारची निजवल्याबिगर ऱ्हायची नाय, मग भागूबाई निजायची. जिवंतपणी दोन घास खाऊन उठणारी अंबू, पण मेल्यावर तिची भूक फार वाढली होती.

दळायला बसलं तर जात्याचा खुंटा हातात यायचा तो अंबूच्या मुठीनं गुळगुळीत झालेला. मधे थोडा खोलगट. सोनुबाईची मूठ त्या खोलगटीत बरोब्बर बसायची, आणि हेच तिला सहन होईना. एका सकाळी तिनं खुंटा उपटला आणि चुलीत घातला. बाभळीचा नवा तासून बसवला. दोन दिवसांत तळहाताला फोड आले. फोड आपले होते, अंबूचे नव्हते, म्हणून तिला त्यांचा अभिमान वाटला. माणूस जळायला लागलं की नफ्यातोट्याचं भान असं सुटतं.

भागूबाईला डोळ्यांनी कमी दिसे, पण हातांनी सगळं दिसे. श्रावणात ती सहज जात्याशी बसली आणि खुंटा चाचपून ओरडली, "सोने! अंबूच्या हातचा खुंटा कुठाय?"

"मोडला."

"शिसवीचा खुंटा मोडला? चुलीला लावलास तू! थांब, अंबू सोडायची नाय तुला. रक्त ओकवील!"

सोनुबाईच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली टाकलं. डोक्यावरचा पदर गेला, केस सुटले, आणि ती घुमायला लागली.

"आत्तू!"

भागूबाई जागच्या जागी गार झाली. आत्तू म्हणून तिला जगात एकच माणूस हाक मारी. सोनुबाई आत्याबाई म्हणे. आत्तू हे चिंधीनं नदीवर सांगितलेलं.

"आत्तू, मीच सांगितलं हिला. तुझ्या घरी दळून दळून हात गेला माझा. आता तू दळ."

आणि भागूबाई दळायला बसली. पीठ भरड पडत होतं, पडू दे.

त्या पहिल्या वेळी सोनुबाईचं ढोंग होतं की खरोखरच काही अंगात शिरलं होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या वेळेपासून तिला नीट ठाऊक होतं.

फायदा लगेच दिसला. अंबू आठवड्यातून एखाद्या दुपारी यायची आणि रोकठोक मागायची. सोनूला पानी भरायला लावू नको. सोनूला बोंबील वाढ आधी. सोनूला निजू दे. सासू करायची. सुनेला वाटलं, ज्या सवतीनं आजवर खाल्लं तिच्याकडूनच वसूल करायचं, ह्यापेक्षा चोख व्यवहार कोणता?

तोटा दिसायला थोडा वेळ लागला, कारण तो येसाजीच्या पायांनी आला.

येसाजी गाड्या लवकर सोडून घरी यायला लागला. आल्या आल्या पाय धुवायचा, ओटीवर रेंगाळायचा, आणि हळूच विचारायचा, "आज... आली व्हती का?"

"कोन?" सोनुबाई मुद्दाम म्हणे.

"अंबू."

नसेल आली तर त्याचं तोंड उतरे. आली तर समोर उकिडवा बसे, टोपी मांडीवर घेई, आणि अशा आवाजात बोले की सोनुबाईनं तो आवाज लग्नापासून ऐकला नव्हता. पाडसाला चुचकारावं तसा. "बरी हायस ना गं? थंडी वाजत नाय ना? काय पायजे का तुला?" आणि प्रत्येक वेळी उठता उठता, "रागावली नाय ना तू?"

केसांच्या आडून सोनुबाई ऐके. अंबू गळ्यातून निघून तोंडात आली होती. आता तर नवरा तिच्याच तोंडाशी गोड बोलत होता, आणि ते गोड तिला लागत नव्हतं. आपल्याच हातानं वाढलेलं पान दुसरीपुढं सरकवावं तसं.

येणं बंद करावं तर दळण परत गळ्यात पडेल. चालू ठेवावं तर नवरा. बरं, हे ढोंग आहे म्हणून सांगून टाकावं? मेलेलीच्या नावानं खोटं बोललेल्या बाईला गाव वेशीबाहेर काढील. भीती तिलाही होती. सासूला अंबूची, सोनुबाईला गावाची, आणि येसाजीला कसली ते अजून कळायचं होतं.

ते तिनं विचारूनच घेतलं. जळणाऱ्या माणसाला एक खोड असते, जे ऐकून जास्त जळेल तेच खोदून विचारायचं. भात कापणीला आलं होतं. भागूबाई लेकीच्या बाळंतपणाला शेलूला गेली होती. दुपारी येसाजी ओटीवर बसला होता आणि अंबू आली.

"अवं," अंबू म्हणाली, "मी बरी, का ती खालापूरची बरी?"

येसाजीनं टोपी काढून मांडीवर घेतली.

"बोला की. जीव कुनावर जास्त?"

"तू रागावली नाय ना?" तो म्हणाला.

"ते मी इचारलं नाय. माझ्यावर जीव व्हता का तुमचा? बोंबील आनता, बांगड्या आनता. जीव व्हता म्हनूनच ना?"

एकच शब्द यायचा होता आणि तो आला की सोनुबाईपुढं विहीर किंवा नदी असंच काहीतरी तिनं ठरवलं होतं. येसाजीनं टोपी मांडीवरून जमिनीवर ठेवली.

"अंबू, पानी मी ठेवलं व्हतं."

"काय?"

"पटकीच्या साली. तू पडलीस तवा. आयला न् बैलांना घेऊन मी माळावरच्या खोपटात गेलो, पर जाताना उशाशी पानी ठेवून गेलो व्हतो. घागर भरून." त्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. "घागर जड व्हती. तुला उचलायची नाय हे मला ठावं व्हतं. वाटी नव्हती ठेवली. वाटी आनायला परत आत यावं लागलं असतं."

सोनुबाई घुमायची थांबली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तो टाकाकडं बघत होता.

"वैदाला आनतो म्हनलो न् गेलोच नाय. माळावर तुझ्या हाका यायच्या. आय म्हनली, जाऊ नको रं, तिचं व्हायचं ते झालं, तू गेलास का आपलंबी व्हईल. मी कानावर घोंगडी घेतली. मग हाका थांबल्या, तवा..." तो रडायला लागला. "तवा मला बरं वाटलं गं. बरं वाटलं मला. मी भ्यालो व्हतो, अंबू."

आता सोनुबाईला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. वाईट वाटणं मागून आलं, तेही थोडंसं. पहिला आला तो आनंदच. ह्याचा अंबूवर जीव नव्हता! ज्या बाईपायी तिनं खुंटा जाळला, चिखलात लुगडी धुतली, रात्री कूस बदलली, तिच्यावर ह्या माणसानं एक वाटीसुद्धा खर्च केली नव्हती. बत्तासे, बांगड्या, तो चुचकारता आवाज, ही सगळी भीती होती. भीतीनं नेसवलेलं लुगडं तिला प्रेमाचं वाटलं होतं.

आणि आनंदाच्या भरात तिनं पुढचा विचार केला तो असा, की आता हिला घालवून द्यायची. हिची भीती गेली की गळा आपला, डोळे आपले, माणूस आपला.

"उठा," ती अंबूच्या तोंडानं म्हणाली. "मी सोडलं तुमाला. तुमचं काय देनं रायलं नाय. टाक नदीला द्या न् मला मोकळी करा. मी परत यायची नाय."

येसाजीनं जमिनीला डोकं टेकलं. मग आपल्याच हातांनी तिच्या गळ्यातला दोरा तोडला, उठला, आणि उल्हासच्या डोहावर जाऊन टाक सोडून आला. परतताना तो गुणगुणत होता. सोनुबाईनं रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला आणि त्या दिवशीचा पहिला घास थेट तोंडात घातला. कोरडा भात, पण गोड लागला.

भागूबाई शेलूहून आली. येसाजीकडून सगळं ऐकलं. बराच वेळ ती नव्या खुंट्यावरून बोटं फिरवत बसली.

"त्याला सोडलं म्हन," ती शेवटी म्हणाली. "न् मला?"

सोनुबाईनं चुलीत लाकूड सारलं.

"जाऊ नको म्हनून मीच सांगितलं व्हतं. माझ्या भावाची लेक ती. मला काय म्हनली?"

अंबू परत येणार नाही असं सोनुबाई आपणच सांगून बसली होती, आता तिला पुन्हा आणायची कशी? दोन शब्द आधी सुचले असते तर काही खर्च नव्हता. पण हिशेब मांडताना तिच्या डोळ्यांपुढं येसाजी एवढाच होता. म्हातारी तिच्या खिजगणतीत नव्हती.

तेव्हापासून भागूबाई जेवायला बसली की पळसाच्या पानावर पहिला घास काढी, चाचपडत दाराबाहेर नेऊन ठेवी, आणि शेजारी पाण्याची वाटी. सोनुबाईला ते बघून राग येई. टाक गेला, तरी हिचं खाणं आहेच.

पण येसाजी बदलला. एका संध्याकाळी आमटीत मीठ जास्त पडलं आणि त्यानं थाळी भिरकावली.

"हात मोडलेत का तुझे? का डोळे गेलेत?"

आणि बोलताना सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता! सोनुबाई दुसऱ्या दिवशी नदीवर जवळजवळ धावतच गेली.

"चिंधीवयनी, माझ्यावर वरडले काल!"

"मग हसतेस काय, येडे?"

"माझ्यावर वरडले. माझ्यावर!"

चिंधीनं तिच्याकडं नीट पाहिलं. कपाळाला हात लावून तापही बघितला.

ओरडण्याची नवलाई शिमग्यापर्यंत पुरली. बत्तासे बंद झाले होते. बांगड्या फुटल्या त्या फुटल्याच. गवताच्या गाड्या पोचवून येसाजी ठेसनावरच्या मंडळींत बसे, उशिरा येई, आणि ओटीवर घोरत पडे. गाढ झोपे. दोन वर्षांत त्याला अशी झोप लागली नव्हती, असं तोच कौतुकानं सांगे. हा मूळचा येसाजी. भीतीनं मधल्या काळात चांगला नवरा करून ठेवला होता, इतकंच.

वैशाखात कर्जतच्या बाजारात पटकी लागली. नदीपलीकडं माणसं दगावली, मग अलीकडं. गावानं वेशीवर नारळ फोडला, कोंबडं सोडलं. एका सकाळी विहिरीवरून घागर आणता आणता सोनुबाईच्या पोटात कळ आली आणि ती अंगणातच ओकली.

येसाजीनं ओटीवरून पाहिलं. तो खाली उतरला नाही. मागच्या दारानं गोठ्यात गेला. सोनुबाई कशीबशी घरात येऊन पडली, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तिला आत ऐकू आला. जोडी सोडली. दुसरी सोडली. मग तो दारात आला, उंबऱ्याच्या बाहेर.

"बैलं शेलूला नेऊन ठेवतो. इथं शेतांत राब भाजायचा धूर हाय, आजारी पडतील."

सोनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो बेधडक डोळ्यांत बघत होता. हेच तर तिला हवं होतं.

"अवं, जाऊ नका."

"दोन दिसांत येतो. वैदाला धाडतो." मग मायेनं, अगदी मनापासून म्हणाला, "तू बी रागावू नको हां. अंबू बघ, एवढं झालं तरी रागावली नाय. सोडलंन मला. तूबी तसलीच समजूतदार हायस."

घुंगरं वेशीपर्यंत वाजत गेली. अंबूची भीती शिल्लक असती तर हा माणूस उंबऱ्यातच खिळला असता. एकीला तहानेनं मारून दुसरीलाही मारायची त्याची छाती झाली नसती. पण त्याचं ते देणं सोनुबाईनंच माफ करून टाकलं होतं, आणि माफ झालेलं देणं कुणी पुन्हा फेडायला जात नाही.

मग जमिनीवरून काहीतरी घासत येण्याचा आवाज झाला. भागूबाई बसून सरकत येत होती. एका हातात वाटी, दुसऱ्या हातानं भिंत.

"तोंड उघड."

"तुमी जावा आत्याबाई," सोनुबाई म्हणाली. "तुमाला लागल."

"गप. उघड."

पाणी, मग मीठ घातलेली पेज, मग परत पाणी. ओकली तर परत. म्हातारीला दिसत नव्हतं, म्हणून वाटी ओठांऐवजी कधी नाकाला लागे, कधी डोळ्याला. ह्या घरात त्या दिवशी सगळ्यात जास्त घाबरलेलं माणूस तेच होतं, आणि तेच तेवढं राहिलं होतं.

"का थांबलाव?" सोनुबाईनं अंगात जरा ताकद आल्यावर विचारलं.

"ती एक रोज उशाशी येऊन बसते माझ्या," भागूबाई म्हणाली. "तूबी येऊन बसलीस, तर मी निजू कुठं?"

सोनुबाईला हसू आलं आणि पोटात दुखलं. मग ती रडली, आणि रडता रडता सांगून टाकलं, "आत्याबाई, मी खोटं बोलत व्हते. अंबू कदी आलीच नव्हती माझ्या अंगात. सोडलं म्हनले ते मीच."

"ठावं हाय."

"कसं?"

"पैल्या दिशी भ्याले मी. मग ध्यानात आलं. तरी मला काय म्हनली ते इचारलं, एखादे येळी खरीबी आली आसंल म्हनून." म्हातारीनं वाटी चाचपून तिच्या ओठांशी आणली. "अंबू आली असती तर आदी पानी मागितलं असतंन. तू बोंबील मागितलास, निजायला मागितलंस. पानी कदी मागितलं नायस."

"मग ऐकत का व्हता माझं?"

"खरी यील, ह्या भ्यानं."

सोनुबाई वाचली. पटकी ओसरल्यावर येसाजी बैल घेऊन परतला. बैलं चांगली धष्टपुष्ट झाली होती. "बरी झालीस ना? मला ठावंच व्हतं," तो म्हणाला, आणि हात धुऊन विचारलं, "भाकर झाली का?" भाकर झाली होती. त्यानं चवीनं खाल्ली. मिठाचं काही बोलला नाही, कारण मीठ बरोबर होतं.

समोर भागूबाई पानावर घास काढत होती. सोनुबाई त्या घासाकडं बघत राहिली, आणि इतकं होऊनही तिला पुन्हा अंबूचा हेवाच वाटला. मेली म्हणून तिला घास निघतो. जी वाचली तिला कोण भितं?

तर आता बेरीज. येसाजीचा गेला चिंचोक्याएवढा चांदीचा पत्रा, आणि त्यापोटी त्याला जन्मभराची झोप मिळाली. भागूबाईची झोप गेली ती गेलीच. तिला कुणी माफ केलं नाही, म्हणून तर तिच्या हातून एक बाई जगली. सोनुबाईला नवरा मिळाला, डोळ्यांत बघणारा. पुढच्या दुखण्याला तो कुठं जाईल हे तिला आता आधीच माहीत असतं, आणि भाकरी थापताना ती त्याच्याकडं तेवढं माहीत असलेल्या नजरेनं बघते.

भरलं ते अंबूनं. तहानेनं मेली, तो एक भरणा. मागं तिच्या नावावर एक राग तेवढा राहिला होता, दुसरं काहीच नव्हतं. तोही तिला न विचारता एका जळकुट्या बाईनं नवरा मिळवायला खर्चून टाकला.